दातांत धरलेला दोरा

विजयमालाबाई जाचकांनी उभ्या आयुष्यात दोन आरशांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. एक मोटारीतला आणि दुसरा न्हाणीघरातला.

पहिल्या आरशाची गोष्ट साऱ्या साताऱ्याला ठाऊक होती. गाड्या माणसांनी चालवायच्या त्या काळात बाईंनी बायकांना मोटार शिकवण्याची शाळा काढली होती. यवतेश्वराच्या घाटात, ऐन वळणावर, मागून एसटी हॉर्न देत असताना त्या शेजारच्या आसनावरून शांतपणे सांगत, "त्याला वाजवू दे. तू क्लच सोड." पहिला धडा मात्र आरशाचा असे. "आरसा आपला आपण लावायचा. दुसऱ्याने लावलेल्या आरशात दुसऱ्याचाच रस्ता दिसतो." 'शाबास' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नाही. एखादीची गाडी खरोखर सुरेख चालली, तर त्या एवढेच म्हणत, "आणखी एक फेरी मार." तेवढे ऐकण्यासाठी बायका जीव टाकीत. पुढे गाड्या आपल्या आपणच चालू लागल्या, शाळेची पाटी उतरली. बाईंचा आवाज मात्र उतरला नाही.

दुसऱ्या आरशाची गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. चाळिशी ओलांडली तसे बाईंच्या हनुवटीवर केस येऊ लागले. लव नव्हे, चांगले राठ, टोचणारे केस. बाईंनी एक चिमटा आणला, न्हाणीघराची कडी लावली आणि तो प्रश्न कायमचा कडीच्या आत ठेवला. यजमान हयात होते तोवर त्यांनाही याचा सुगावा लागला नाही. साताऱ्यातल्या निम्म्या बायकांना घाट चढायला शिकवणाऱ्या बाईची हनुवटी लोकांच्या बोलण्याचा विषय व्हावी, हे त्यांना कदापि चालले नसते.

आणि मग शहात्तराव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला.

डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली. मुलगा रणधीर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरीला होता, तो धावत आला तेव्हा बाईंनी पडल्या पडल्या त्याला सुनावले, "दाढी करून यायचं होतंस." ते ऐकून तो दवाखान्याच्या दारात बसून रडला आणि हसलाही. काही महिन्यांत बाई काठी टेकत चालू लागल्या. डावा हात तेवढा मांडीवर परक्या वस्तूसारखा पडून राहिला, आणि डाव्या गालाला, डाव्या हनुवटीला काही लागेनासे झाले. चहाचा ओघळ तिथून गळ्यापर्यंत जाई आणि त्यांना पत्ता नसे.

केसांना मात्र पक्षाघात झाला नव्हता. ते पूर्वीच्याच निष्ठेने उगवत राहिले.

चिमटा धरायला उजवा हात होता. पण कातडी ताणून धरायची कुणी? बाईंनी मग मुलाचा जुना वस्तरा काढला. कडी लावली. उजवी बाजू ठीक झाली. डावीकडे आपण काय करतो आहोत ते हातालाच कळेना, कारण हनुवटी काही सांगतच नव्हती. त्या बाहेर आल्या आणि रुबाबात जेवायला बसल्या.

सून शर्वरी वाढत होती. तिचा हात थांबला.

"आईसाहेब, पदर..."

पदराचा काठ रक्ताने भिजला होता.

शर्वरीने काही विचारले नाही. जखम पुसली, औषध लावले आणि जेवण झाल्यावर शिवणाच्या डब्यातले पांढऱ्या दोऱ्याचे रीळ घेऊन ती सासूसमोर येऊन बसली.

"हे काय?"

"कराडच्या मावशीचं पार्लर होतं. सुट्टीत मी तिच्या हाताखाली होते. डोकं मागं टेका."

"मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मीही सांगणार नाहीये."

दोऱ्याने केस काढण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यात एक मोठी गंमत आहे. दोऱ्याला मध्ये पीळ द्यायचा, एक टोक दातांत घट्ट धरायचे आणि उरलेला दोरा दोन्ही हातांत ताणायचा. पीळ कातडीवरून पुढे-मागे सरकतो आणि केसाला मुळासकट उचलून घेतो. काम चालू असेतोवर करणारीचे तोंड बंद. तिला बोलायचे तर दोरा सोडावा लागतो, आणि दोरा सोडला की काम मोडते. विजयमालाबाईंच्या हे ताबडतोब ध्यानात आले. घरात असे एक माणूस त्यांना मिळाले होते, की ज्याला त्यांचे सगळे ऐकावे लागे आणि उलट उत्तर देता येत नसे. दर आठवड्याच्या त्या बैठकीत बाई मनसोक्त बोलत. हल्लीच्या गाड्या, हल्लीची आमटी, रणधीरची ढेरी, शर्वरीच्या माहेरचे लोक.

"तुझ्या वडिलांना मी एकदाच गाडी चालवताना पाहिलं. त्यापेक्षा बैलगाडी बरी."

शर्वरीच्या नाकातून फक्त एक श्वास येई. तो हसण्याचा की रागाचा, हे बाईंना कधी कळले नाही.

"जीभ गालाला लावा," असे मात्र ती दोरा धरण्याआधीच सांगून ठेवी. डावी कातडी ताणायला हात नव्हता, म्हणून बाईंनी आतून जिभेने गाल फुगवायचा. तो गाल फुगला की नाही हे बाईंना शर्वरीच्या डोळ्यांवरूनच ओळखावे लागे.

काम सुरेख होई. हनुवटी गुळगुळीत होई. तरीही बैठक संपली की बाईंच्या मनाला एक सल उरे. आजवर त्यांनी कुणाच्या हाती शेंडी दिली नव्हती. आता हनुवटी दिली होती, आणि तीही सुनेच्या.

हा सल एके दिवशी फारच वर आला. शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी बाईंना भेटायला यायच्या होत्या. शर्वरी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. त्या दिवशी तिला अचानक लोणंदला जावे लागले आणि बैठक चुकली. बाईंनी सबंध समारंभ पदर हनुवटीवर धरून काढला, एकुलत्या एक चालत्या हाताने. पुष्पगुच्छ समोर आला तेव्हा तो घ्यायला हात मोकळा नव्हता. ज्या मुलींना त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरायला शिकवले होते, त्यांच्यापुढे त्या अशा बसल्या, जणू काही चोरून आणले होते.

बायका गेल्यावर नात रेवा जवळ आली. ती चौदा वर्षांची, आजीच्या वळणावर गेलेली. आजीच्या बैठका तिने दारातून पाहिल्या होत्या.

"आजी, तू ती केसांची पट्टी का लावत नाहीस? एकदा लावली की संपलं. आमच्या वर्गात बहुतेक सगळ्यांनी लावलीये. हातापायांना, सगळीकडं."

"आणि तू?"

"आई नको म्हणते. कारण विचारलं तर म्हणते, नंतर बघू."

"तुझी आई जुन्या वळणाची आहे," शहात्तर वर्षांच्या बाई म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. शर्वरी पटकन म्हणाली, "नको, आईसाहेब." आणि का ते न सांगता ताटे उचलू लागली. बाईंनी त्या पाठमोऱ्या सुनेकडे पाहिले आणि मनाशी निकाल दिला. बरोबर आहे. हातात आलेली हनुवटी कोण सोडील?

*

दुसऱ्याच आठवड्यात त्या रेवाला घेऊन त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर नौशीन काझींकडे गेल्या. गाडी आपली आपण चालत होती. बाई वाटेत गाडीला दोनदा रागावल्या.

"डॉक्टर, मला सगळे मार्ग सांगा. निवड मी करीन."

डॉक्टर काझी हसल्या. "माझी आई तुमच्याकडे गाडी शिकली. तुम्ही असंच म्हणणार हे ती सांगून गेलीये."

"काय नाव तिचं?"

"शबनम."

"गिअर बदलताना गिअरकडे बघायची. बोला."

डॉक्टरांनी मार्ग सांगितले. केस घालवायचे मलम होते, पण बाईंची कातडी वयाने पातळ झालेली, ते जाळील. प्रकाशझोताचे यंत्र होते, पण ते केसातल्या काळ्या रंगाला ओळखून मुळाला भाजते. बाईंचे केस पांढरे. "त्या यंत्राला तुमचा केस दिसतच नाही."

"म्हणजे तिथंही म्हाताऱ्यांना कुणी मोजत नाही."

"विजेची सुई आहे, एकेका मुळात घालायची. तासन्‌तास स्थिर बसावं लागतं. तुमची मान अजून तेवढी साथ देणार नाही. दोरा आहे, तो तुम्ही वापरताच. आणि मग ही निद्रापट्टी."

त्यांनी एक लहानशी, चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी पुढे ठेवली आणि समजावले. केस सतत वाढत नसतो. त्याच्या मुळाला ऋतू असतात: वाढीचा, ओहोटीचा आणि विश्रांतीचा. विश्रांती संपली की मूळ जागे होते आणि नवा केस घडवू लागते. पट्टीवर साखरेच्या सुया असतात, डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक. त्या कातडीत विरघळतात आणि मुळाला एकच निरोप पोचवतात, की तुझा विश्रांतीचा काळ अजून सरलेला नाही. मूळ त्या निरोपावर विश्वास ठेवते आणि जन्मभर झोपून राहते. ना जाळणे, ना कापणे. पट्टी बाजारात आल्याला एक पिढी उलटून गेली होती, आणि आता गुळगुळीत हात हेच लोकांना हाताचे खरे रूप वाटू लागले होते.

"तोटा काय?" बाईंनी विचारले. "तोटा नसलेली वस्तू मी घेत नाही. ती खोटी असते."

डॉक्टरांनी मान डोलावली. "प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंचं बारीक कुंपण असतं. केस म्हणजे त्या कुंपणाला टेकलेली काठी. वारा आला, केस हलला, की कुंपण मेंदूला कळवतं. मूळ झोपलं की काठी जाते. कुंपणाला काम उरत नाही, मग हळूहळू तेही आखडतं. दुखणं, चटका, दाब हे सगळं कळत राहतं, त्यांचे तंतू निराळे. जातो तो फक्त हलका स्पर्श. फुंकर, पीस, वाऱ्याची झुळूक. अंगावर काटाही येत नाही."

"आणि लोक तक्रार करत नाहीत?"

"हळूहळू गेलेली वस्तू गेली हे कुणाला कळतं? लहानपणीच लावलेल्यांना तर ती असते हेच माहीत नसतं. आमच्या पुस्तकांत याला निरुपद्रवी परिणाम म्हणतात."

"माझी डावी बाजू तशीही काही सांगत नाही."

"त्याबद्दलच बोलायचं होतं." डॉक्टरांचा आवाज सावध झाला. "तुमच्या गालातले तंतू जिवंत आहेत. मेंदूतला त्यांचं ऐकणारा भाग गेलाय. कधीकधी शेजारचा भाग ते काम शिकतो. पण त्याला कुणीतरी सारखी हाक मारत राहावी लागते. दोऱ्यानं केस मुळातून ओढला जातो, ती फार मोठी हाक असते. पट्टी लावलीत तर ती बंद होईल."

"आजवर कुणी ओ दिली?"

"नाही."

"देईल?"

"वय आणि गेलेले महिने पाहता, आशा फार थोडी आहे. मी खोटा धीर देणार नाही."

बाईंना डॉक्टर आवडल्या. त्यांनी पट्टी उचलून पर्समध्ये टाकली. "न येणाऱ्या पाहुण्यासाठी मी दार उघडं टाकून बसत नसते. लावायला कुणाची मदत लागते का?"

"नाही. एका हातानं लावता येते. फक्त आधी सगळे केस उपटून काढलेले हवेत, म्हणजे सुया थेट मुळापर्यंत पोचतात."

एका हाताने लावता येते. हे वाक्य बाईंना साऱ्या विज्ञानापेक्षा अधिक पटले.

*

रविवारी सकाळी गॅलरीत बैठक बसली. समोरच्या तिवईवर पट्टीची डबी होती. शर्वरीने ती पाहिली, दोऱ्याला पीळ दिला आणि टोक दातांत धरले.

आजचे भाषण बाईंनी मनात जुळवून ठेवले होते. ते आभाराचे होते. बाईंना आभार मानायची सवय नसल्यामुळे ते थोडेसे हुकूमनाम्यासारखे झाले.

"हे आपलं शेवटचं. तुझे रविवार मी पुष्कळ खाल्ले. तू कधी कुरकुर केली नाहीस, हे मी पाहिलंय. उजवीकडं झालं की डावी बाजू घे. ती संपली की मी पट्टी लावणार, आणि तू मोकळी. मला कुणाच्या उपकारात राहायची सवय नाही, आणि तुलाही सासूच्या हनुवटीशी बांधून राहायचं कारण नाही."

दोरा उजव्या बाजूने सरसरत गेला. टोचले. बाईंचा डोळा पाणावला, तो त्यांनी मिटला.

"तुला पट्टी नको होती, ते मला कळलं होतं. का, तेही कळलं. माणसाला सत्ता गोड लागते. मी स्वतः आयुष्यभर चालवली. मला त्यात गैर वाटत नाही."

सरसर थांबली.

शर्वरीने दोरा सोडला. तो बाईंच्या मांडीवर, निर्जीव हातावर पडला. इतक्या महिन्यांत तिने काम अर्ध्यात सोडण्याची ही पहिलीच वेळ.

"आईसाहेब, रेवा तान्ही होती तेव्हाचं आठवतंय?"

"मला सगळं आठवतं."

"मी तिच्या नाकाशी सूत धरायची."

बाईंना आठवले. कसे विसरतील? बाळंतीण खोलीत बसलेली, मांडीवर गोजिरवाणे लेकरू, आणि ही पोरगी त्याच्या नाकपुडीशी कापसाचे सूत धरून ते हलते का ते पाहते आहे. त्या काळी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सूत धरतात ते शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या नाकाशी. जिवंत, धडधाकट लेकराच्या नाकाशी सूत धरणारी आई त्यांनी पाहिली नव्हती.

"अभद्र म्हणाले होते मी तुला. चारचौघांत."

"हो. माझ्या आईसमोर." शर्वरीचा आवाज शांत होता. "मी सोळाव्या वर्षी पट्टी लावली होती. हात, पाय, मान, गाल. तेव्हा नवीनच आली होती, मैत्रिणींत पैज लागायची. मला काही गेलंय हे कळलंसुद्धा नाही. रेवा झाली, आणि सगळ्या बायका म्हणायच्या, बाळाला गळ्याशी धर, त्याचा श्वास लागतो बघ कसा. मी धरायची. मला काही लागायचं नाही, आईसाहेब. ती झोपली की मला वाटायचं, गेली. डोळ्यांनी पोट हलताना दिसायचं. पण अंधुक उजेडात तेही दिसायचं नाही. मग मी सूत धरायला लागले."

बाईंची नजर मांडीवरच्या दोऱ्याकडे गेली.

"तुम्ही रागावलात तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. पण काय सांगणार? माझ्या अंगाला माझं लेकरू कळत नाही, असं? तुमच्यासमोर?"

खाली रस्त्यावरून एक गाडी आपली आपण, आवाज न करता गेली.

"मग हे दोऱ्याचं काय?" बाईंनी विचारले. "तुला काही लागत नाही तर तू एवढं अचूक कसं करतेस?"

शर्वरी पहिल्यांदा हसली. "दोऱ्याचं टोक दातांत असतं ना. केस सुटला की दाताला कळतं. बारीकसा हिसका बसतो. एवढं हलकं मला दुसरीकडं कुठंच कळत नाही. म्हणून मला रविवार आवडतो. तुमच्या हनुवटीवर माझी सत्ता नाहीये, आईसाहेब. तिथं मला थोडंसं ऐकू येतं, एवढंच."

विजयमालाबाईंनी आयुष्यात पुष्कळ चढ पाहिले होते. गाडी चढावर बंद पडली की ती मागे सरकू लागते, आणि तेवढ्या दोन क्षणांत माणसाची परीक्षा होते, हे त्या हजारदा बोलल्या होत्या. त्यांनी उजवा हात पुढे केला.

"हात दे."

शर्वरीने दिला. बाईंनी तो गुळगुळीत हात तोंडाजवळ ओढला आणि त्याच्यावर हलकेच फुंकर घातली.

"लागलं?"

"नाही."

त्यांनी पुन्हा घातली, जरा लांबून, तान्ह्या मुलाच्या श्वासासारखी. शर्वरीने मान हलवली.

"आता तू घाल." बाईंनी उजवा गाल पुढे केला.

शर्वरीने फुंकर घातली. बाईंच्या गालावरून, कानामागून, मानेवरून खाली दंडापर्यंत एक शहारा गेला आणि उजव्या हाताच्या विरळ पांढऱ्या लवीवर काटा उभा राहिला. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. एवढ्याशा श्वासाने साऱ्या शेतावरून वारा जावा, तसे ते दिसत होते. शर्वरीने बोटाने तो काटा सपाट केला. बोटाला काय कळले कोण जाणे, पण तिचे डोळे भरले.

"रेवाला सांगितलंस हे?"

"कसं सांगू, ते सुचत नाही."

"मी सांगते. पट्टी लावायची का नाही ते ती ठरवील. पण आधी तिला कळू दे, की तिची आई सूत का धरायची." बाईंनी डबी उचलली. क्षणभर हातात तोलली. "जाऊन कपाटात ठेव. माझी डावी बाजू बहिरी आहे. जाणूनबुजून उजवीही बहिरी करायची, एवढी मी शहाणी नाही झाले."

"पण उपकार...?" शर्वरीने विचारले, आणि विचारताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होते.

"दोरा उचल," बाई म्हणाल्या. "डावी बाजू तशीच राहिलीये. चढावर गाडी सोडून उतरायचं नसतं."

*

त्यानंतर घरात फार मोठे काही घडले नाही. रेवाने ऐकून घेतले, पुष्कळ वेळ आईच्या हाताकडे पाहिले, आणि पट्टीचा निर्णय पुढे ढकलला. हातापायांना कधी दोरा, कधी मलम, तर कधी काहीच नाही, असा तिचा कारभार चालू राहिला. वर्गातल्या मुली तिला चिडवीत. ती त्यांच्या मानेवर फुंकर घालून विचारी, "लागलं?" आणि उत्तर आले नाही की गंभीर चेहऱ्याने म्हणे, "अरेरे." हा आगाऊपणा तिने कुणाकडून उचलला, याविषयी घरात मतभेद नव्हता.

रविवारची बैठक चालू राहिली. आता तिच्यात एक बदल झाला होता. बाई बोलत कमी. दोरा दातांत धरलेल्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहत. केस सुटला की शर्वरीच्या पापणीची किंचित हालचाल होई; तेवढी त्या टिपून घेत. आपल्या शरीरावर नको असताना उगवणाऱ्या, पस्तीस वर्षे कडीआड लपवलेल्या त्या केसांचा कुणाला तरी उपयोग होता. आपल्याला देवाने दिलेल्या साऱ्या वस्तूंची बाईंनी आजवर वेळोवेळी कृतज्ञता मानली होती. हनुवटीच्या केसांची मानायची राहिली होती. ती त्यांनी मनातल्या मनात मानली आणि वर देवाला बजावलेही, की यापुढे अशा गोष्टी जरा आधी समजावून देत जा.

डाव्या बाजूची आशा त्यांनी सोडली होती. डॉक्टर काझींनाही त्यांनी तसे कळवले होते. शर्वरी मात्र डावी बाजू उजवीइतक्याच निगुतीने करी, आणि बाई जिभेने गाल फुगवून गप्प बसत.

दिवाळी होऊन गेली होती. गॅलरीत कोवळे ऊन आले होते. रणधीर सुट्टीवर घरी होता आणि स्वयंपाकघरात चहा उतू घालवत होता. बाई त्याला इथूनच सूचना देत होत्या.

"गॅस बंद कर आधी. मग पूस. उलटं नको. याला गाडीसुद्धा मीच..."

त्या मध्येच थांबल्या.

शर्वरीने पाहिले. सासूच्या चेहऱ्यावर असे काही होते, जे तिने कधी पाहिले नव्हते. भीती म्हणावी तर ती नव्हे. दूरवरून कुणी नावाने हाक मारावी आणि आपलेच नाव का, म्हणून माणसाने कान द्यावा, तसे काहीसे. तिने दोरा सैल केला, पण टोक दातांतून सोडले नाही.

"थांब," बाई पुटपुटल्या.

त्यांचा उजवा हात सावकाश वर आला आणि हनुवटीच्या डाव्या कोपऱ्याशी, ओठाच्या खाली, एका जागी टेकला.

"इथं दुखलं."

स्वयंपाकघरात भांडे पडले. रणधीर हातात फडके घेऊन दारात आला आणि तिथेच उभा राहिला. शर्वरीचे डोळे भरून वाहू लागले. तोंडात दोरा होता, त्यामुळे तिला काही बोलता येईना, आणि हात गुंतलेले होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात. तिने फक्त प्रश्नार्थक भुवया उंचावल्या.

विजयमालाबाईंनी मान मागे टेकली. जीभ गालाला लावली, मग काढली, कारण त्यांना आधी काही बोलायचे होते.

"मुंगी चावल्यासारखं. एवढंसंच. पण माझं होतं."

त्यांनी उजव्या हाताने सुनेच्या गालावरचे पाणी पुसले. त्या स्पर्शात दाब पुरेसा होता. तो शर्वरीला कळला असावा, कारण तिने गाल त्या तळव्यात क्षणभर टेकवून ठेवला.

"रडून दोरा भिजवू नकोस," बाई म्हणाल्या. "त्याच जागी घे. आणखी एक फेरी मार."